डबल बेल

मामा माझ्या केबिनच्या चौकटीवर तिकिटाच्या पंचने एकदा ठोकायचे. टक. म्हणजे थांबा. मी बोलत असायचो. मी कायम बोलतच असायचो. मग ते खुर्चीवर बसायचे आणि टेबलावर दोनदा ठोकायचे. टक टक. म्हणजे आता चालू द्या. एस.टी.त एक बेल गाडी थांबवते, दोन बेल चालू करतात, हे तुम्हांला माहीत आहेच.

मामा सगळ्यांचेच मामा; त्यांची सारी नोकरी कंडक्टरकीत गेलेली. तिकिटाला भोक पाडायचा पंच खिशात कायम. घशाचा कॅन्सर झाला, मुंबईत ऑपरेशन होऊन स्वरयंत्र गेलं आणि गळ्यावरच्या भोकावर पांढरा रुमाल बांधून मामा लातूरला आमच्या दवाखान्यात आले. जिल्हा नवा, दवाखान्याच्या फलकावरचा रंग ओला आणि मीही नवाच. रुग्णांना आणि घरच्यांना धीर देणं हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडे पदवी होती, इस्त्रीचा शर्ट होता आणि 'मी तुमचं दुःख समजू शकतो' हे वाक्य होतं. ते मामांना ऐकवलं तेव्हा त्यांनी टक केलं. आवाज नसलेल्या माणसाने माझं तोंड बंद केलं.

मग त्यांनी जवळच्या पाटीवर खडूने लिहिलं, 'पोरीच्या लग्नात वंदना मीच म्हणणार.' विहारात दर पौर्णिमेला ते पुढे म्हणायचे, मागून सगळे. लग्न उन्हाळ्यात होतं.

स्वरयंत्राविनाही बोलता येतं. हवा गिळायची आणि ढेकर देताना तिचेच शब्द करायचे. हे शिकवणारं लातुरात कुणी नव्हतं, म्हणून पुस्तक वाचून मीच शिकवायला बसलो. दुष्काळामुळे दवाखान्यात टँकरची वाट पाहावी लागायची, पण कोपऱ्यावरच्या गाडीवर गोटी सोडा मिळायचा. तो पिऊन आम्ही समोरासमोर बसायचो. मामांना ढेकर येईना, माझे थांबेनात. आमच्या आईला कळलं असतं तर तिने माझ्यासाठी स्थळं पाहणंच सोडलं असतं.

एकदा मामी तणतणत आल्या.

"साहेब, पावणे यायलेत घरी, अन् हे ढेकरा द्यायलेत. मला लई लाज वाटायली."

मी लांबलचक समजावलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगलं बोलता," आणि डोळे पुसत निघून गेल्या. मी स्वतःवर खूश. मामांचा सराव सुरू झाला की त्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायच्या, हे मला मागाहून कळलं.

पुस्तकात 'आई'पासून सुरुवात होती. मामांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "सरका!" घोगरा, तुटका, पण शब्द. "पुढं... सरका." मी रडलो. धीर देणारा मी आणि पाठ थोपटली त्यांनी. ते मला फार आवडायचे.

लग्नात मामा माइकसमोर उभे राहिले. "बुद्धं." हवा गिळली. "सरणं." मग काहीच नाही. मला कुठला धीर! माइककडे धावलो. तिसरा शब्द आता मीच म्हणणार, तेवढ्यात माइकच्या दांडीवर पंच वाजला. टक. भर मांडवात मी जागीच थांबलो. मामांनी पुन्हा हवा गिळली.

"गच्छामि."

मागून सगळा मांडव म्हणाला. मामींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पुढच्या वर्षी आजार उलटला आणि मामा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी घरून मोठं भाषणच पाठ करून गेलो होतो. "मामा" म्हणालो आणि तिथेच अडलो. हवा गिळून पाहिली. काही येईना. लोक खाली बघू लागले.

बायका बसल्या होत्या तिकडून आवाज आला. मामींच्या हातात पंच होता. त्यांनी शेजारच्या खांबावर ठोकलं. टक टक.