समुद्रात राहिलेली मुलगी

मंडळी, आज दुपारी आमच्या हिने माझी चोरी पकडली.

भाची दुबईत नर्स आहे. तिच्या फिलिपिनो मैत्रिणीने फिलिपिन्समधली एक मालिका सुचवली होती. वर्षानुवर्षं चाललेली, सगळ्या घराने मिळून बघायची, दर वेळी जादूची नवी गोष्ट. मोतीबिंदूमुळे हिला पडदा धूसर दिसायचा. मग मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायचो.

एका गोष्टीत मुलगी आईशी भांडते आणि मासोळी होते. शाळेपासून मला डोळे ओले करणाऱ्या कवितांचं वेड. म्हणून मी त्या मुलीला समुद्रातच ठेवलं. "ती लाटांची झाली, परत आली नाही," असा शेवट सांगितला. त्या दिवशी ही जेवली नाही.

ऑपरेशननंतर आज नवी पेठेतून हिचा नवा चष्मा आणला. हिने हट्टाने तोच भाग लावायला सांगितला. शेवटी मुलगी पळत येऊन आईच्या गळ्यात पडली.

"अहो, ही तर घरी आली की!"

"माझा शेवट जास्त काव्यमय होता," मी म्हणालो.

"चुलीत घाला ते काव्य! लई रडले मी तिच्यापायी. आपली सुमी रुसून गेली असती, तर तिला ठेवली असती का पाण्यात?"

आमच्या लेकीला नसती ठेवली. लेकरू घरी यायलाच हवं, हे आता मी ठामपणे सांगतो.

ही सध्या बाकीचे भाग तपासायला बसली आहे, आणि एका राजपुत्राला मी डोंगरावरच सोडलंय. आधीच कबूल करू, की गप्प बसू?