पायाकडची हवा

शेवगावच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथली गाडी म्हणजे एक जुना पिकअप. लष्करानं मोडीत काढलेला, कुणीतरी लिलावात घेतलेला, आणि चार हात फिरून आमच्या वाट्याला आलेला. पुढं तिघं दाटीनं बसतील अशी केबिन, मागं ताडपत्रीचं छप्पर. आणि केबिनमध्ये, हसाल तुम्ही, हीटर. कुठल्याशा बर्फाच्या मुलखासाठी घडवलेली ती गाडी आमच्याकडं पाथर्डी-शेवगावच्या फुफाट्यात धावत होती.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्या हीटरनं मला रडवलं. आम्ही गावोगाव लस टोचायला जायचो. माझी जागा डावीकडं, दाराशी. पायाजवळ एक चौकोनी तोंड होतं, त्यातून इंजिनाची सगळी वाफ माझ्या पायांवर. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि आत माझ्या सँडलचा बक्कल तापून चटका देतोय. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी रोज जाताना बघत होते.

गाडीचे ड्रायव्हर केडगावचे, पन्नाशीचे, पूर्वी फौजेत गाड्या चालवलेले. सगळा दवाखाना त्यांना चाचा म्हणायचा. मी त्यांच्या मागं भुणभुण लावली. भुणभुण कसली, भांडलेच. मी तोंडाची फटकळ, डॉक्टरसुद्धा माझ्याशी बेतानं बोलत. चाचा मात्र कधी चिडले नाहीत. एका दुपारी त्यांनी गाडी लिंबाखाली लावली, इंजिन चालू ठेवलं आणि खणातून उदबत्ती काढली. वाटेतल्या दर्ग्याशी लावायला त्यांच्याकडं पुडा असायचाच. हवा दिसत नाही, धूर दिसतो, म्हणाले. उदबत्ती त्या तोंडापुढं धरली, मग काचेखालच्या फटीपुढं, मग डॅशबोर्डच्या मागं. धूर कुठं ओढला जातो, कुठं ढकलला जातो, ते एक डोळा मिटून बघत राहिले.

मग मला समजावून सांगितलं. इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, आणि पुढं एक झडप असते. झडप एकीकडं वळवली की हवा समोरच्या काचेवर, दुसरीकडं वळवली की पायाशी. झडप हलवणारी तार तुटली होती, म्हणून ती पायाच्या बाजूलाच अडकून बसली होती. गरम पाणी बंद करायची चावी गंजून गच्च झालेली, जोर लावला तर तुटेल. तशी तार इथं मिळायची नाही.

"आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी," ते म्हणाले. "जिथं नको तिथंच जाते ही हवा."

शेवटी त्यांनी पाठीवर झोपून, हात डॅशबोर्डमागं घालून, झडप काचेच्या बाजूला ढकलली आणि बांधायच्या तारेनं आवळून टाकली. एवढ्यानंही माझं समाधान होईना. फटीतून थोडी झळ येतच होती. मी दवाखान्यातून कापूस आणला, गॉजच्या पट्ट्या आणल्या, पायाजवळचं तोंड ठेचून भरलं आणि वरून चिकटपट्टी मारली. चाचा म्हणाले, थंडीत लागलं तर? मी म्हटलं, शेवगावात हीटर लावायची पाळी आली तर मी तुम्हाला जिलेबी खाऊ घालीन.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. खरीप गेलं, विहिरी तळाला लागल्या. दिवाळीनंतर जिकडं बघावं तिकडं दुष्काळी कामं. बायका पोटं सांभाळत खडी फोडत होत्या. त्यातल्याच एकीला पौषातल्या एका पहाटे कामाच्या तळावरून बैलगाडीत घालून आणलं. सातवा महिना, बावीस-तेवीस वर्षांची, बरोबर सासू. डॉक्टर दुसऱ्या तळावर गेलेले. बाळंतपण मीच केलं. वार पूर्ण पडली, मी उजेडात धरून तपासली. इंजेक्शन दिलं. रक्तही बेतानं गेलं. बाळंतीण शहाणीसुरती होती, मला म्हणाली, तुमाला लई तरास दिला. सगळी काळजी होती ती मुलीची. ओंजळीत मावेल एवढी, दीड किलोही नसेल, रडणंसुद्धा मांजरीच्या पिलासारखं. अंग गार पडत होतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचली तर वाचेल, आमच्याकडं राहिली तर नाही, हे सरळ होतं.

सात वाजता निघालो. त्या दिवशी थंडी अशी पडली होती की चाचांनी मफलरावर टोपी घातली होती. खरं तर बाळंतिणीला मागं गादीवर आडवं निजवायला हवं होतं, पायाशी उशी देऊन. पण ताडपत्री फाटकी, वारा आरपार. सासू म्हणाली, "बाळंतिणीला वारा लागला तर ती जन्माची जाती, बाई." एरवी मी अशा बोलण्यावर खेकसले असते. त्या दिवशी मला ते पटलं, कारण माझ्याही मनात ऊबच होती. केबिनमध्ये हीटर आहे, म्हटलं. तिला पुढं दाराशी बसवलं, माझ्याच जागेवर. सासूनं तिचे कान बांधले आणि जाड गोधडीत मानेपासून घोट्यापर्यंत करकचून गुंडाळलं. मी मधे, कापसात लपेटलेली मुलगी पदराआड छातीशी धरून. सासू मागं जाऊन बसली.

गावाबाहेर पडल्यावर चाचांनी हीटरचा दट्ट्या ओढला. पंखा घुरघुरला. गरम हवा काचेखालून भसाभसा वर गेली, काच लख्ख झाली, आणि खाली पायाशी दाराच्या फटीतून बर्फासारखा वारा. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मे महिना दोघांनाही एकदमच आठवला.

तिसगावच्या अलीकडं बाळंतीण म्हणाली, "बाई, पाय गार पडल्यात."

मी म्हटलं, थांब, करते काहीतरी. मुलीचं नाक निळसर दिसत होतं. चाचांनी विचारलं, असंच दामटू की थांबून तार सोडवू? मला आजही तो प्रश्न त्यांच्या आवाजात ऐकू येतो. मी म्हटलं, थांबा, आधी ही हवा खाली आणा.

रस्त्याच्या कडेला गाडी लावली. चाचा पुन्हा पाठीवर झोपले, या खेपेला आम्हा दोघींच्या पायांशी, तिच्या आणि माझ्या. तार त्यांनीच अशी पिळली होती की सुटेना. गरम पत्र्यानं त्यांचं मनगट भाजलं. मी एका हातानं मुलगी धरून दुसऱ्या हातानं त्या तोंडातला माझाच कापूस उपसत होते, चिकटपट्टी नखांनी खरवडत होते, आणि स्वतःला शिव्या देत होते. वीस मिनिटं गेली. शेवटी झडप फिरली. चाचांनी उदबत्ती पेटवून खाली धरली, कारण हात बधिर झाले होते, हवेचा अंदाज येईना. धूर तिच्या पायांकडं वळला. हवा खाली आली होती, गरम, धुळीचा वास घेऊन. मला इतका आनंद झाला की मी चाचांना तिथंच जिलेबी कबूल केली.

करंजीचा घाट लागला. मुलीच्या गालावर रंग आला, तिनं ओठ हलवले. मी तिलाच बघत होते. शेजारची म्हणाली, पाय गारच हायेत अजून. मी म्हटलं, आत्ताशी हवा यायला लागलीय, दम धर. थोड्या वेळानं पाणी मागितलं. फिरकीच्या तांब्यातलं दोन घोट दिलं, तिनं पुन्हा मागितलं. त्या वर्षी सगळा जिल्हाच पाणी मागत होता, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग तिनं जांभया दिल्या आणि डोकं दाराला टेकलं. झोप लागली बिचारीला, रात्रभर जागी होती, असं मी चाचांना हळूच सांगितलं. गाडी सावकाश घ्या म्हटलं.

बाळंतपणानंतर दर पंधरा मिनिटांनी ओटीपोटावर हात ठेवून बघायचं, गोधडी सोडून खालचं कापड बघायचं, हे मी स्वतः सुइणींना शिकवत होते. पाठ म्हणून घेत होते त्यांच्याकडून. त्या पावणेतीन तासांत मी एकदाही गोधडीची गाठ सोडली नाही. सोडली तर वारा लागेल.

नगरला पोचताच मी मुलीला घेऊन आत पळाले. तिला तिथल्या सिस्टरनं घेतलं, पेटीत ठेवलं, जगेल म्हणाली. मी परत बाहेर आले तर चाचा बाळंतिणीच्या बाजूचं दार उघडून उभे होते. इंजिन चालू, पंखा चालू. मी वाकून तिच्या पायाला हात लावला.

पाय गरम होते. चांगले ऊबदार. मला हायसं वाटलं, आणि मी तिला उठवायला हाक मारली. मग गोधडीतून तिचा हात काढला. त्या हाताचा गारवा मी कितीदा सांगितला तरी सांगून होणार नाही. गोधडी उलगडली तेव्हा तिचा खालचा अर्धा भाग भिजून जड झाला होता. रक्त सीटखालच्या पोत्यापर्यंत उतरलं होतं. पायाजवळच्या हवेनं खाली सांडलेलं सुकूनही गेलं होतं.

आत सगळी धावपळ झाली, वरातीमागून घोडं. सासूला मुलगी दाखवली, मग दुसरं सांगितलं. ती भिंतीला टेकून एवढंच विचारत राहिली की वारा कुठनं लागला.

चाचा गाडीच्या पायरीवर बसले होते. भाजलेलं मनगट मांडीवर ठेवून म्हणाले, "झडप मी बांधली हुती, सिस्टर. थंडीनं गेली ती. माझ्या तारेनं गेली."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. थंडीनं कुणी असं जात नाही, चाचा. तिचे पाय हवेमुळं गार नव्हते. ती मला तीनदा सांगत होती आणि मी शिकलेली बाई, मी हीटर दुरुस्त करत बसले. एवढी तीन वाक्यं. उठता-बसता लोकांना फाडून खाणारं माझं तोंड, ते उघडलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांना रडू दिलं. चौकशीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, प्रवासात अतिरक्तस्राव. तो कागद चाचांना कुणी वाचून दाखवला नाही. मीही नाही.

मुलगी जगली. सासू तिला घेऊन गेली, पुढं तिला लस टोचायला मीच जात असे.

चाचांनी पुढच्याच आठवड्यात कुठून तरी सायकलच्या ब्रेकची तार आणून झडपेला बसवली. आता झडपेचा दट्ट्या ओढला की हवा हवी तिकडं वळायची. त्यानंतर मी तिथं होते तोवरची सहा वर्षं, ऐन उन्हाळ्यातसुद्धा, रोज सकाळी गाडी काढायच्या आधी ते खाली वाकून पायाजवळच्या तोंडापुढं उदबत्ती धरायचे. धूर नीट वळतोय का बघायचे. मग माझ्याकडं बघून विचारायचे, बरोबर हाय ना सिस्टर? मी शेजारी बसून म्हणायची, हो चाचा, बरोबर आहे.