तात्यांच्या घरची विद्या

तात्यांवर मी लिहावं, एवढी माझी पायरी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्तमानपत्राच्या पुरवणीत कसं लिहितात तेही नीट ठाऊक नाही. त्यांचे शिष्य उदगीरपासून धर्माबादपर्यंत आहेत, आणि हे वाचून कदाचित त्यांना माझा राग येईल. जे तोंडानं सांगता आलं नाही, ते लिहितोय... चूकभूल माफ असावी.

बारावीच्या क्लासेससाठी मी कंधारकडून लातूरला आलो, तेव्हा दाळमिलच्या मागं तात्यांच्या शेजारची खोली मिळाली. तात्या भीती उतरवायचे. भूकंपानंतर लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते, तेव्हापासूनचं त्यांचं हे काम. माणसाला उंबऱ्यावर बसवायचं, मूठभर ज्वारी त्याच्यावरून ओवाळायची, तात्यांच्या घराण्यातल्या एकेकाचं नाव घेत दाणे बाजूला टाकायचे आणि मग त्याला आत नेऊन निजवायचं. डोळा लागेपर्यंत तात्या उशाशी बसून राहायचे. ही विद्या आपल्या घरात सात पिढ्यांची, आजीकडून आलेली, असं ते सांगत. कुणी शिकायला आलं तर शिकवत. बघता बघता त्याची परंपरा झाली. पुढं छपराची भीती ओसरली, पण क्लासेस वाढले आणि परीक्षा जवळ आली की आमच्यासारखी पोरं त्या उंबऱ्यावर बसू लागली.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. एकदा चाचरत विचारलं, ज्वारीनं नेमकं होतं काय?

"डॉक्टर सायेब, ज्वारीची नुसती भाकर हुतीया," तात्या म्हणाले. "झोप येती ती कुणीतरी जवळ बसल्यावर."

त्यांच्याजवळ मात्र कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. शिष्य यायचे, पाया पडायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. मग तात्या एकट्यापुरती भाकरी थापत. नावांतलं शेवटचं नाव होतं सोन्या. शिष्यांनी त्याचं सोन्याबुवा केलं होतं, परंपरेचे मूळपुरुष म्हणून. उदगीरला या बुवांच्या नावानं नारळ फुटायचे, शिऱ्याचा प्रसाद व्हायचा. तात्या जायचे, कोपऱ्यात बसायचे आणि प्रसाद न खाता परतायचे. गुरूंचं कडक व्रत असेल, असं सगळे धरून चालत.

एकदा त्यांच्या गावची एक म्हातारी दवाखान्याच्या कामानं लातूरला आली होती. तात्या एका मुलीची भीती उतरवत होते. नावं ऐकता ऐकता म्हातारीनं पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काशाबाई त्याची माय. शेवंता बायकू. अन् सोन्या... चार वर्साचं लेकरू हुतं, बापा. भूकंपात सगळी एका भिंतीखाली गेली. ह्यो तेवढा रानात जागलीला हुता."

मी सात पिढ्यांचं विचारलं.

"कसल्या पिढ्या? त्याच्या घरात कुणाला धड दिष्ट काढता येत न्हवती."

मी काही बोललो नव्हतो, तरी दुसऱ्या दिवशी तात्यांनीच विषय काढला. आपली माणसं म्हणून सांगितलं असतं तर लोक एकदा रडले असते अन् विसरून गेले असते, म्हणाले. घराणं म्हटल्यावर रोज कुठंतरी कुणीतरी नावं घेतं. आपल्यामागं ती घ्यायला घरचं कुणी नाही.

"पण तात्या, ते सोन्याला बुवा म्हणतात."

"म्हणू दे की. तेवढाच मोठा झाला पोरगा."

आणि तुमचं नाव, मी विचारलं.

"माझं कशाला? मी जित्ता राहिलो न्हवं." मग म्हणाले, "मी हाय तवर कुणाला सांगू नको. फुडचं तू बघ."

नंतर मी नांदेडला कॉलेजात गेलो. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला जाऊन यायचो. प्रत्येक वेळी तात्या भाकरी वाढून समोर बसत, आणि मी निघालो की रस्त्यापर्यंत येत... यंदा परीक्षा लांबली, जाणं झालं नाही.

गेल्या महिन्यात नांदेडच्या बसस्टँडवर धर्माबादच्या कलावतीबाई भेटल्या. तात्यांच्या जुन्या शिष्या. मी नेहमीसारखं, तात्या कसे आहेत, असं विचारलं.

"तात्या गेले की, दादा. तुमाला कुणी कळवलं न्हाई? दुपारी पडले अन् उठलेच न्हाईत. आता भीती उतरवताना आम्ही त्यांचं बी नाव घेताव. सोन्याबुवाच्या मागं, पायाशी. शिष्य हुते न्हवं ते बुवाचे."

मी नुसतं "हाव, हुते" म्हणालो.