पहिला मान अप्पर हटचा

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला हसायचा हक्क आपल्या मंडळाला नाही, हे पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आलं. टीव्हीवर निकाल चालू होते आणि मी सोफ्यावर पसरून सूत्रधाराच्या आवाजात समालोचन करत होतो. "पाहा मंडळी! उमेदवार केसभर पुढे, आणि राज्याची सगळीच्या सगळी मतं त्याच्या झोळीत! बाकीच्यांनी मत दिलं काय आणि घरी बसून कांदे सोलले काय!"

"आपल्याकडे वेगळं काय आहे?" ती म्हणाली.

माझा पडदा तिथेच पडला.

आमच्या मराठी मंडळाच्या तीन शाखा. ऑकलंडातल्या न्यू लिनला सहा मतं, टाकानिनीला चार आणि वेलिंग्टनजवळच्या आम्हा अप्पर हटकरांना पाच. शाखेत ज्याच्यासाठी जास्त हात वर, त्याला शाखेची सगळी मतं. मंडळ स्थापन झालं तेव्हा कुणाचा तरी न्यू जर्सीचा मेहुणा सुट्टीवर आला होता. त्याने बार्बेक्यूच्या धुरात हा नियम सांगितला आणि धूर विरेपर्यंत तो पवित्रही झाला. बाहेर अख्खा न्यूझीलंड पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देतो. आम्ही मात्र पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून अमेरिका!

त्या वेळी बायको स्वतःच मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी होती, ती एकाच गोष्टीसाठी. आमचा शनिवारचा मराठी वर्ग. थंडगार हॉल, कुरकुरणारी लाकडी फरशी, दहाबारा मुलं. त्यांत आमची लेक. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. त्या हॉलमध्ये मात्र ती मराठीत भांडायची. "ए, माझा खडू दे! तू नेहमी चीटिंग करतोस!" एवढं ऐकायला मी गाडीत न बसता दाराशी कुडकुडत उभा राहायचो.

समोरचे उमेदवार न्यू लिनचे एक सज्जन इंजिनिअर. त्यांचं म्हणणं, तिन्ही वर्ग बंद करून एकच ऑनलाइन घ्यावा. "सगळ्यांनाच सोयीचं, वहिनी."

झूमवरच्या बैठकीत बायकोने मांडलं, की प्रत्येक शाखेने आपली मतं वर आलेल्या हातांच्या प्रमाणात वाटावीत. तिन्ही शाखांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरसाहेब तर गहिवरले. "वा वहिनी! पहिला मान अप्पर हटचा. तुम्ही सुरू करा, आम्ही मागोमाग आलोच."

मराठी माणसाला धाक घालून हलवणं कठीण, पण मान दिला की तो विहिरीतही उतरेल. संक्रांतीच्या कार्यक्रमात बायकोचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. संक्रांत म्हणजे इथला भर उन्हाळा. ती शाल पांघरून घामाघूम, आणि मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतोय.

घरी येताना मी विचारलं, "ते मागोमाग आलेच नाहीत तर?"

"आपण बरोबर वागायला त्यांची सोबत कशाला हवी?"

आम्ही सुरुवात केली. न्यू लिन म्हणालं, यंदा घाई होतेय, पुढच्या वेळी नक्की. टाकानिनी म्हणालं, न्यू लिनने केलं की करू.

निकाल मी सांगतो, कारण ती सांगत नाही. आमच्या पाचांपैकी तिला तीन, साहेबांना दोन. टाकानिनीची चारही तिला. न्यू लिनमध्ये ती दोन हातांनी मागे पडली, तर सहाच्या सहा त्यांना. सात विरुद्ध आठ. सगळ्यांनी मतं वाटली असती, तर ती जिंकत होती. कुणीच वाटली नसती, तरी जिंकत होती. आम्ही एकट्यांनी वाटली, म्हणून हरली. असा प्रवेश मी रंगमंचावर आणला असता, तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

"नैतिक विजय तुमचाच, वहिनी!" नवे अध्यक्ष फोनवर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. राग धरायलाही जागा ठेवली नाही त्यांनी.

शेवटच्या शनिवारी बायकोने फळा पुसला आणि हॉलची किल्ली परत केली. गाडीत मागून लेकीने विचारलं, "बट आई हॅड मोर पीपल, राइट?"

"हो," मी म्हणालो.

"देन हाऊ डिड शी लूज?"

गोष्ट सांगायला मला आग्रह करावा लागत नाही. तरी घर येईपर्यंत मी रस्ता बघत होतो.

आता शनिवारी लेक लॅपटॉप उघडते. पडद्यावर काळ्या चौकोनांची रांग. एका चौकोनाच्या मागे ती असते, म्हणजे कागदावर मांजरं काढत असते. भांडायला तिथे कुणी नाही, खडूही नाही.

गेल्या शनिवारी असाच वर्ग चालू असताना टाकानिनीच्या चिटणीसबाईंचा फोन आला. बायको पोळ्या लाटत होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, गुड न्यूज! यंदा आमची शाखा तुमच्यासारखीच मतं वाटणार आहे. न्यू लिनवाले म्हणाले, या वेळचा मान टाकानिनीचा! तुम्ही जरा मार्गदर्शन करा ना."

मी तवा सांभाळत होतो. आतल्या खोलीतून लॅपटॉपमधल्या बाईंचा आवाज आला, "कोण सांगेल? मुलांनो, आहात ना?"

"एकट्याने करू नका," बायको म्हणाली.

"अहो, पण कल्पना तुमचीच ना?"

"हो," ती म्हणाली, "म्हणूनच सांगते."