आयुर्मान आणि धोटा

“लांब उभा राहा! टेबल बाटवशील!”

विम्याचा एजंट वरडला. सोलापुरात आमच्या गिरणीच्या फाटकाशी त्यानं टेबल मांडलेलं. विणकरांचं लिहून झालं, माझी पाळी आली, तर ही बोलणी.

मला विमा पायजे व्हता. खोकला लागलेला. मी गेलो तर पोरीची शाळा सुटंल, माझ्याच जागी कापसात येईल, लई भ्या वाटायचं.

“खातं कुठलं?”

“कापूस पिंजायचं.”

“जात?” विणकरांनी आधीच सांगितलेली, तरी त्यानं इचारली.

“म्हार.”

त्यानं लेखणी खाली ठिवली. “तुमचं आयुर्मान कमी रे.”

“म्हंजे काय, सायेब?”

“माणूस सरासरी किती जगतो, त्याचा हिशेब. मेलेल्यांवरून काढतात. तुम्ही लवकर मरता. कंपनीला परवडत नाही. देवाची करणी, दुसरं काय!”

विणकर फिदीफिदी हसले.

देवाची? माझं डोस्कं फिरलं. त्या धुळीत मला घातलं कुणी? कापड विणायच्या साच्यावर पगार जास्त, धूळ कमी. पर साच्यात आडवा दोरा नेनारा धोटा असतो, त्यातनं दोरा तोंडानं चोखून काढाय लागतो. म्हाराची थुंकी सुताला लागंल म्हणून विणाई खात्यात आमाला पाय ठिवू देत न्हवते. माझा बाप त्याच धुळीत खोकून खोकून मेला. भाड्यांनो, देवानं न्हाय, तुमी मारला त्याला!

तसाच विणाई खात्यात घुसलो. पहिल्या साच्यावरचा धोटा उचलला, तोंडाला लावला आन् दोरा खस्सकन ओढला. साऱ्यांच्या देखत.

“बाटवलं! बाटवलं!” एकच बोंब झाली. मुकादमानं लाथा घालत मला फाटकाभाईर फेकलं. नोकरी तितंच गेली. व्हट फुटलेला, पर मला हसूच येत व्हतं.

एजंट अजून टेबलाशीच बसलेला. त्याच्या आंगावर आमच्या गिरणीचंच धोतर.

“सायेब,” मी जवळ जाऊन, टेबलावर हात ठिवून म्हणलो, “उद्या नव्या पेठेत धोतर घ्याल, तवा नीट बघून घ्या. त्यात माझी थुंकी हाय.”

तो मागं सरकला. मी हात काडला न्हाय.

“माझी पोरगी त्या धुळीत जानार न्हाय. आमाला साच्यावर घेईस्तवर हितल्या एकेका धोट्याला आमचं तोंड लागंल. मी मेलो तर दुसरा लावंल. ह्ये बी धरा तुमच्या हिशेबात.”