सुई खाली होती तेव्हा

एबारिस्तोच्या मिशीला पीळ होता आणि बोलण्यालाही. माँतेरे शहरातल्या एका काचकारखान्यात तो भट्टीचा धूर सांभाळायचा. धूर कसला सांभाळायचा, असं कुणी विचारलं की स्वारी खुर्ची पुढे ओढून सुरू. भट्टीतली बारीक राख पत्र्याच्या एका मोठ्या खोलीत जाते, तिथे माणसाहून उंच अशा शेकडो कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, राख पिशव्यांना चिकटते आणि धुराड्यातून बाहेर पडते ती नुसती ऊन हवा. पिशव्या तुंबल्या की तबकडीवरची सुई वर चढते. मग जोराची हवा सोडून त्या झटकायच्या की सुई खाली. "बाई सतरंजी झटकते ना, तस्सं," तो म्हणायचा. जन्मात एक सतरंजी त्याने झटकली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

त्या उन्हाळ्यात सुई खाली आली आणि खालीच राहिली. धूर ओढणाऱ्या पंख्यावरचा ताण गेला, भट्टी झकास ओढू लागली. इंजिनियर साहेबांनी सगळ्यांसमोर एबारिस्तोची पाठ थोपटली. आता, तबकडीसमोर केस पांढरे केलेल्या माणसाला एवढं कळतंच की सुई दोन कारणांनी खाली राहते. पिशव्या स्वच्छ असल्या तर, नाहीतर फाटल्या असल्या तर. एबारिस्तोच्या मनात ती पाल चुकचुकली होती. पण पाठीवर थाप पडत असताना "साहेब, आधी आत जाऊन बघू या" असं म्हणायला छाती लागते. ती त्याला ऐन वेळी सापडली नाही.

शनिवारी त्याच्याच अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत झाला. आमच्याकडे कौतुक करायची दुसरी रीत नाही. पाळीतले सगळे आले, बायकामुलं आली, खुद्द साहेब आले. जाळीवरचा पहिला तुकडा तोर्तियाच्या गरम पोळीत गुंडाळून एबारिस्तोच्या हातात दिला गेला, आणि तेवढ्यात फाटकातून कूका आत आली.

कूका शेजारची. कारखान्याच्या भिंतीला लागून तिचं घर, आणि लोकांचे कपडे धुऊन ती ते चालवायची. एबारिस्तोच्या मुलीची ती बाप्तिस्म्याची धर्ममाता, त्यामुळे तो तिला 'कोमाद्रे' म्हणायचा आणि ती त्याला 'कोंपाद्रे'. हे नातं आमच्यात सख्ख्या भावंडांपेक्षा जड. त्यात कितीही घसट असली तरी अहो-जाहो सुटत नाही. परक्या माणसाच्या नावाआधी मात्र नुसतं 'दोन' लावतात, म्हणजे आपलं 'श्रीयुत'.

तिच्या हातावर एक पांढरी चादर होती.

"कोंपाद्रे, जरा बघा हो. परत परत धुतली. वाळली की वर हात फिरवा, खरखर लागते. तुमच्या धुराड्यातून तर काही येत नाही ना?"

साहेब बघत होते. एबारिस्तोच्या तोंडात घास होता, तो त्याने घाईने गिळला.

"कोमाद्रे, माझी सुई खोटं बोलत नाही. तुम्ही साबण बदला. नाहीतर चष्मा तरी करा!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. अंगण खदाखदा हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, "मळकी कूका!" आणि परत हशा.

कूकाने चादरीची नीट घडी घातली. "बरं, दोन एबारिस्तो," ती म्हणाली आणि गेली.

"ऐकलंत का?" त्याची बायको ओतिलिया हळूच म्हणाली. "कोंपाद्रे म्हणाली नाही ती."

"म्हणेल उद्या. तू कांदे भाज."

उद्या आला, आठवडे गेले, ती काही म्हणाली नाही. 'मळकी कूका' मात्र वस्तीभर झालं. दवाखान्याच्या बाईंनी आपल्या चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. एबारिस्तो कामावर जाताना तिच्या दोरीकडे बघायचा. दोरी रिकामी होत चालली होती. आणि सुई होती तिथेच होती.

मग आली वर्षाची तपासणी. पिशव्यांकडे जाणाऱ्या धुरात भडक गुलाबी भुकटी सोडतात. पिशवी फाटकी असली तर भुकटी पलीकडे निसटते आणि जांभळ्या दिव्याखाली चमकते. भुकटी मापाने टाकायची असते. एबारिस्तोने तोऱ्यात अख्खा डबा ओतला. "फाटलंच नाही, तर जाईल कुठे?" तो सोबत्याला म्हणाला. खरं तर ते तो स्वतःलाच सांगत होता.

दिवा घेऊन पलीकडचं दार उघडलं, तर भिंती, छत, धुराड्याकडे जाणारी वाट, सगळं गुलाबी झगमगत होतं. ओळीच्या ओळी फाटल्या होत्या.

दुपारी तो खाल मानेने घरी निघाला. कूका अंगणात दगडावर चादर घासत होती. त्या चादरीवर गुलाबी ठिपके होते. दोरीवरच्या उरल्यासुरल्या कपड्यांवरही होते.

तिने त्याला पाहिलं आणि चादर घाईघाईने पाण्यात दडपली. चोरी पकडल्यासारखी.

"तुमचंच खरं निघालं, दोन एबारिस्तो," ती खाली बघत म्हणाली. "पांढऱ्यात रंगीत मिसळलं असणार, मला दिसलंच नाही. डोळे गेले माझे. चष्मा करायलाच हवा."

धरणीने पोटात घ्यावं असं एबारिस्तोला झालं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने सुखाने खाल्ल्या असत्या. पण त्याचीच थट्टा ती खरी मानून बसली होती. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. नखं गुलाबी होती.

"डोळे चांगले आहेत तुमचे, कोमाद्रे. हा रंग माझा आहे. ती खरखरही माझीच होती. मला शंका होती तेव्हाच."

कूकाने ती नखं निरखली. मग तिने ओले हात झग्याला पुसले.

"हसले कुठे सगळे?"

"माझ्या अंगणात."

"मग इथे कुजबुजता कशाला? तिथे सांगा."

त्या शनिवारी त्याने परत निखारे पेटवले. तीच माणसं आली, दवाखान्याच्या बाईही आल्या. याला अजून एक शाबासकी मिळालेली दिसते, असं त्यांना वाटलं. कूका फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. एबारिस्तो हातात चिमटा घेऊन बोलायला लागला.

"पिशव्या फाटल्या होत्या. सुई म्हणून खाली होती. मला संशय होता, तरी मी तुमचं कौतुक खाल्लं. कोमाद्रेच्या धुण्यात काही खोट नव्हती. राख माझी होती."

एक जण हसला. त्याला ही नवी थट्टा वाटली. साहेब आपल्या ताटलीत बघत बसले. दवाखान्याच्या बाई उठून फाटकाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी चादरी पाठवते हो." कूकाने मान हलवली.

एबारिस्तोने जाळीवरचा पहिला तुकडा तोर्तियात गुंडाळला आणि तिला नेऊन दिला. तिने तो उभ्याउभ्याच खाल्ला, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. तो वाट बघत होता. साऱ्या अंगणाला कळत होतं, कशाची.

तिने बोटं पुसली.

"मांस छान भाजलंय, दोन एबारिस्तो," ती म्हणाली, आणि घरी गेली.