रात्रपाळी आणि प्लॅटी

वागळे इस्टेटमधल्या यांच्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा आम्हाला डोंबिवलीला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. "महिन्याभराचा प्रश्न आहे, बिल्डिंगमध्ये उगाच बोभाटा नको," असं हे म्हणाले आणि मी मान डोलावली. मग आम्ही सगळ्यांना सांगितलं, की यांना आता कायमची रात्रपाळी लागलीय. दिवसभर घरी असायला कारण मिळालं. संध्याकाळी हे डबा घेऊन निघायचे, कल्याणला माझ्या दिरांकडे जाऊन झोपायचे आणि सकाळी परत यायचे. गणपती झाले, दिवाळी झाली. टाळं निघालं नाही आणि आमची रात्रपाळीही संपली नाही.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज सांभाळावं लागतं. दिवसा पडदे ओढलेले, रेडिओ बारीक, मुलीला सारखं "हळू बोल, बाबा झोपलेत." बाबा कसले झोपतायत! भिंतीकडे तोंड करून नुसते पडलेले असायचे. मी सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या नोकरीला जायचे, दुपारी येऊन घरचं उरकायचे, आणि जिन्यात कुणी भेटलं की जागरणाने यांना पित्त कसं झालंय ते रंगवून सांगायचे. पित्त खरं तर मलाच झालं होतं.

अशात एके सकाळी हे कल्याणहून येताना काचेची टाकी घेऊन आले. दिरांनी मोठी घेतली होती, म्हणून ही जुनी आम्हाला. सोबत पाण्याने भरलेल्या पिशवीत लाल-केशरी प्लॅटी. बोटाच्या पेराएवढे मासे, पण अंगाने गुबगुबीत. हेच बाकी होतं, असं मी मनात म्हटलं. घरात आणखी पाचसहा तोंडं खायला.

पण त्या माशांनी यांना अंथरुणातून उठवलं, हे मान्य करायला हवं. चिमटीभर खाणं, वाळू धुणं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याने थोडं थोडं पाणी बदलणं. प्लॅटी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि आईच ती गिळते. म्हणून हे पिल्लांसाठी टाकीत शेवाळासारख्या वनस्पतीचा गुंता सोडून ठेवायचे. त्यातून डोळ्यांचे दोन ठिपके बाहेर आले की मला हाक मारायचे. कित्येक महिन्यांत यांनी मला नुसतं काही दाखवायला हाक मारली नव्हती.

मग पावसाळा लागला आणि नळाला गढूळ पाणी यायला लागलं. आमच्याकडे अशा वेळी पिंपात तुरटी फिरवायची पद्धत. खडा हातात धरून पाण्यात चारदोन वेढे दिले, की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ. तेच नितळ पाणी हे निगुतीने टाकीत घालायचे. आणि मासे पंख मिटून एका जागी उभ्या उभ्या थरथरायला लागले. खाणं टाकलं तरी वळायचे नाहीत. एक मेला, मग पिल्लांची आई मेली. यांनी खडेमीठ घातलं, वाळू पुन्हा धुतली, खाणं कमी केलं. काही उपयोग नाही. हे परत भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. मला माशांचं फारसं काही नव्हतं. मला त्या भिंतीची भीती वाटायची.

त्याच सुमारास पाइप फुटला आणि आठवडाभर नळ कोरडे. प्यायला टँकर, बाकी सगळ्याला आवारातलं हातपंपाचं बोरिंग. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून एरवी बायका नाकं मुरडायच्या. नाइलाजाने टाकीतही तेच गेलं, आणि माशांनी पंख उघडले. नळ आला, पुन्हा पिंपातलं पाणी घातलं, पुन्हा थरथर.

"तुरटी," हे म्हणाले. "तिने आपलं पाणी आंबट होतं, ते त्यांना सोसत नाही गं. त्यांना बोरिंगसारखं जड, क्षारांचंच पाणी लागतं."

तुरटीशिवाय गढूळ पाणी घालून बघितलं, तर टाकीचा चहा झाला. राहिलं बोरिंग. पण सोसायटीने त्याच्या दांड्याला साखळी घातलेली, आणि ती उघडायची अकराच्या सुमाराला. रात्रपाळी करणारा माणूस तेव्हा झोपलेला असतो. म्हणून गुरुवारी आणि रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, ते काम माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावर दोन बादल्या. एका गुरुवारी पाठ धरली आणि माझं डोकं फिरलं.

"मी नाही आणणार. आणायचं तर तुम्ही आणा, नाहीतर मरू देत."

हे टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग बनियनवर शर्ट चढवला, बादल्या उचलल्या आणि भर अकरा वाजता जिना उतरले.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बोरिंगपाशी तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका होते.

"अरे, तुम्ही? आज झोप नाही वाटतं? रात्रपाळी ना?"

सुट्टी आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पाळी कसली काका. कंपनी बंद आहे. वर्ष होत आलं. घरीच असतो."



"मग रोज येत जा की," काका म्हणाले. "मला एकट्याला हा दांडा मारवत नाही."

मला न विचारता सांगून टाकलं, म्हणून राग यायला हवा होता. पण ओल्या कपड्यांशेजारी मी खाली बसले आणि रडले. आनंद वगैरे काही नव्हता. मी नुसती दमले होते, आणि आता दमलेली दिसले तरी चालणार होतं.